धारेची शिकवणी

“पालथ्या घड्यावर पाणी! पातं पाठीवरून उलटव म्हटलं ना? धारेवरून नाही!” बाबा ओरडले.

मुलीने हात थांबवला. ओल्या दगडावर वस्तरा सोळा वेळा नीट गेला होता आणि सतराव्या वेळी ती घाई करून बसली होती.

“पुन्हा दाखवा ना.”

“कशाने दाखवू? ह्याने?” बाबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवला.

चाळीस वर्षं त्या हाताने अर्ध्या शहराच्या दाढ्या केल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली. जरा जास्तच सावरली, असं शेजारीण म्हणायची. हात तेवढा रुसून बसला आणि दुकानाला कुलूप लागलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी शेजारणीच्या कुत्र्याला देऊन टाकला.

“हात वापरला नाही तर कायमचा जाईल,” डॉक्टरांनी मुलीला फोनवर बजावलं. ती लांबच्या शहरात नकाशे काढायची नोकरी करायची. सहा आठवड्यांची रजा टाकून ती घरी आली.

पहिल्या दिवशी तिने समजावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी रडून, तिसऱ्या दिवशी भांडून. बाबा ढिम्म हलले नाहीत. चौथ्या दिवशी तिने कपाटातून आजोबांचा शिंगाच्या मुठीचा वस्तरा काढला आणि दगडावर असा काही खरवडला, की तो आवाज ऐकून बाबा भिंत धरत स्वयंपाकघरात आले.

“अगं, वस्तरा आहे तो, कुऱ्हाड नव्हे!”

“मग शिकवा. धार येईपर्यंत मी इथून हलत नाही.”

“मग म्हातारी होशील इथेच.”

तिला खरोखरच काही येत नव्हतं. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवायच्या, हे ऐकायला सोपं होतं. ती चुकायची, बाबा चिडायचे, आणि चिडले की हात बिघडलाय हे विसरायचे. आधी उजव्या हाताची दोन बोटं पात्याच्या पाठीवर आली. दुसऱ्या आठवड्यात सगळा पंजा तिच्या हातावर आला. थरथरत होता, पण ऊबदार होता. तिला बरं वाटलं, इतकं की तिने मान वर केली नाही.

“दाबू नकोस. दगडाला विनंती करायची, हुकूम नाही. आणि एक लक्षात ठेव, पातं उभं धरून चुकूनही ओढू नकोस. धार जागच्या जागी मरते.”

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, बाबा न्हाणीघरात असताना, तिने पातं मनगटाजवळ नेलं. हातावरची लव अलगद तुटून पडली. तिला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात बाबा बाहेर आले. सदऱ्याची बटणं उघडीच होती.

“लावून दे गं. जमत नाहीत मेली.”

बटणं लावता लावता तिने विचार केला. धार आली म्हणजे शिकवणी संपली. शिकवणी संपली की हात पुन्हा मांडीवर जाऊन बसणार. बाबा चहा घेऊन गॅलरीत गेल्यावर तिने पातं उभं धरलं आणि दगडावरून ओढलं. एकदा, मग पुन्हा. असा काही जीव तुटला तिचा!

“बाबा, आजही नाही जमलं,” तिने हाक मारून सांगितलं.

“कुणाची पोर म्हणू तुला? आण इकडे.”

मग तो रोजचाच परिपाठ झाला. दिवसभर दोघं मिळून दगडावर खपायची आणि आलेली धार सकाळी ती गुपचूप घालवायची. बापाशी आयुष्यात कधी खोटं न बोललेली ती, पण हात हळूहळू कामाला लागला होता. कप उचलायचा, धारेचा चामडी पट्टा ओढून धरायचा. बटणं मात्र अजून तिच्याकडेच होती.

सहावा आठवडा संपत आला.

“उद्या दुपारी निघते मी,” ती जेवताना म्हणाली. “रजा संपली.”

बाबांचा घास थांबला. “धार येईपर्यंत हलणार नव्हतीस ना?”

“वाढवून मागितली तर देतील साहेब. पण ती तरी किती दिवस पुरणार?”

“तसं नाही. अर्धवट शिकून जाऊ नये माणसाने, एवढंच.” मग त्यांनी ताट बाजूला सारलं. “जा तू. मी आहे की घरात.”

आता खोटं पुरे, असं तिने ठरवलं. बाबा टेकायला गेले तेव्हा तिने एकटीनेच वस्तरा दगडावर घेतला, पट्ट्यावर फिरवला. इतकी सुरेख धार तिच्या हातून पूर्वी कधी आली नव्हती. उद्या सकाळी ह्याच वस्तऱ्याने बाबांची दाढी करायची आणि सगळं कबूल करायचं. मग शिव्या देऊ देत, नाही तर रडू देत.

सकाळी लवकर जाग आली. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून ती उंबऱ्याशीच थांबली.

बाबा टेबलापाशी बसले होते. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती. त्यांनी उजव्या हाताने वस्तरा उघडला आणि डाव्या मनगटावरून हलकेच फिरवला. लव अलगद तुटून पडली. “वा, पोरी,” ते स्वतःशीच म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले. मग तसूभरही न थरथरणाऱ्या त्या हाताने त्यांनी पातं उभं धरलं आणि दगडावरून सावकाश ओढलं.