हिरवं कमी पडतंय

"तुमचा ढीग तापत का नाही, वहिनी?"

कुंपणापलीकडून थर्मामीटरने विचारलं आणि मावशींच्या हातातली बादली हिंदकळली. थर्मामीटर म्हणजे शेजारचा निवृत्त गृहस्थ. जन्म प्रयोगशाळेत गेलेला. घरी बसल्यावरही काहीतरी मोजल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, म्हणून गल्लीने त्याला हे नाव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे.

"तापतो की, भावजी. सकाळी तापतो."

"सकाळी तापतो आणि दुपारी निवतो? खत आहे की हिवताप?"

मावशी हसल्या आणि बादली घेऊन झटकन आत गेल्या.

गल्लीतली घरं ओला कचरा मावशींना देत. मावशींच्या अटी मात्र कडक. चहाचा चोथा वेगळा, अंड्यांची टरफलं वेगळी, नासकं काही नको. समोरच्या शिंपीणबाई म्हणायच्या, "आमच्या सुनेचे एवढे नखरे नाहीत, जेवढे तुमच्या कचऱ्याचे आहेत." मावशी आणलेल्या साली धुऊनही घेतात, हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचं आजारपण फार लांबलं, तो गेला आणि मागे ही एकटी बाई उरली. तेव्हापासून तिला खताचा नाद लागला होता. एकट्या माणसाला काहीतरी नाद हवाच, असं गल्लीचं मत होतं.

आता मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर खतासाठी एक मोठं पिंप येऊन बसलं होतं. त्याची देखरेख थर्मामीटरने, कुणी न सांगता, स्वतःकडे घेतली होती. न तापणाऱ्या ढिगाला चांगला कचरा घालणं म्हणजे कचऱ्याची नासाडी, असं त्याचं म्हणणं. रविवारी तो ढीग बघणार होता. नीट असला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून सगळ्यांचा ओला कचरा पिंपात जाणार.

शनिवारभर मावशी एका जागी बसल्या नाहीत. त्यांनी ढीग वरखाली केला, पाणी शिंपडलं, कुंपणालगतचं गवत उपटून आत खुपसलं. पुन्हा पुन्हा हात घालून पाहिला. ढीग गारच. घरात जाऊन त्या खिडकीशी उभ्या राहत, की लगेच परत बाहेर. त्यांना भीती वाटत होती. बादल्या बंद झाल्या तर आपण काय करायचं, हा एकच विचार डोक्यातून जात नव्हता.

रविवारी थर्मामीटर यायच्या जरा आधी त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं भरून पाणी उकळलं आणि ढिगात ओतलं. वाफ निघाली. मावशींना थोडं बरं वाटलं.

थर्मामीटरने दांड्यासारखा लांब तापमापक ढिगात खुपसला. आकडा बघितला. मग दाताळ्याने ढीग उकरायला लागला. वर पाला. त्याखाली पाला. अगदी तळाशीही गेल्या वर्षीचा पाला, नुसता भिजलेला.

"चांगलं खत हाताला कळतं, वहिनी. हात घातला की चटका बसायला हवा. सुक्याच्या जोडीला ओलं हवं, हिरवं हवं. इथे तर सगळं सुकंच आहे."

"घालते मी. कुजत असेल भराभर."

"एवढ्या घरांच्या साली? एक तरी दिसेल की नाही? लोकांच्या ढिगात भोपळ्याच्या बिया आपोआप रुजतात. तुमच्याकडे एक कोंब नाही."

मावशींनी पदर घट्ट ओढून घेतला. "खत खाली बसत जातं, भावजी. दिसत नाही."

"हात धुवायला पाणी द्या," तो म्हणाला आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला.

स्वयंपाकघर लख्ख होतं. कट्ट्यावर चाळणीत बटाट्याच्या साली निथळत होत्या. फळीवरचे डबे धुऊन, पुसून, ओळीने उपडे घालून ठेवले होते. थर्मामीटरने हात धुतले, चाळणीकडे पाहिलं, मग त्या डब्यांकडे.

"चहा टाकला असता," मावशी म्हणाल्या, "पण तुम्हाला साखर चालत नाही ना?"

"नाही चालत," थर्मामीटर म्हणाला. खरं म्हणजे त्याच सकाळी शिंपीणबाईंकडे त्याने चांगला गोड चहा घेतला होता, वर बशीत ओतून.

फाटकाशी शिंपीणबाई वाटच बघत होत्या. "काय मग? पास की नापास?"

मावशी दारातच थांबल्या.

"पास," थर्मामीटर म्हणाला. तापमापक त्याने आधीच पुसून काखेत मारला होता. "पिंपात सुका पाला टाका. ओलं सगळं इथेच येऊ दे. फक्त हिरवं कमी पडतंय. सगळ्यांना सांगा, साली जरा जाड काढा."

"जाड? मग भाजीत काय राहणार?"

"राहील तेवढं राहील. खताला लागतं."

शिंपीणबाई कपाळावर हात मारून निघून गेल्या. मावशी अजून चौकट धरून उभ्या होत्या.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर थर्मामीटरची बादली. आजवर त्याने कधी कचरा दिला नव्हता, त्याचं स्वतःचं खत होतं. बादली जड होती. वर बटाट्याच्या साली, बोटभर जाड.

मावशींनी ती आत नेली आणि रोजच्यासारखी दाराला कडी लावली. चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि साली धुऊन त्यात सोडायला बादलीत हात घातला.

हाताला चटका बसला. सालींखाली झाकणाचा डबा होता, आणि त्याच्या शेजारी स्वच्छ रुमालात गुंडाळलेला चमचा.