कपाळावरचा हात

आपल्या मानेला पीळ का पडतो, याच्या शोधात डॉक्टर क्रिसांतोची अकरा वर्षं गेली. फिलिपिन्समधल्या पनाय बेटावर घरोघर हिंडून तो याच दुखण्याच्या माणसांचं रक्त गोळा करायचा. मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेणं मात्र त्यानं सोडलं होतं. मान हिसका द्यायची, लाज वाटायची.

लोला पुरिंगचा, म्हणजे पुरिंग आजीचा, नवरा याच दुखण्यानं गेला, म्हणून क्रिसांतो भेटायला आला आणि दारात नुसताच उभा राहिला.

"एवढा शिकलास आणि रीत विसरलास होय रे?" म्हातारीनं हात पुढे केला.

नाइलाजानं त्यानं कपाळ टेकलं, आणि मान शांत झाली. हात तसाच ठेवून तो हळूहळू ताठ झाला. खिडकीतला समुद्र अकरा वर्षांनी त्याच्या अगदी समोर होता.

"लोला, हात काढू नका."

"नाही काढत. आमचे हेही असंच म्हणायचे. बायकोचा आशीर्वाद घेतो म्हणून गाव हसायचा, पण त्याशिवाय त्यांना घास जायचा नाही."

"हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? गेल्या वर्षी तू आलास, तूही रक्तच मागितलंस."