आखाजीचा भाव

“मागच्या दहा वर्षांत जे झालं तेच पुढं धर, किरण. पदरचं काही घालू नकोस.”

सकाळी फोनवर हितेंद्रभाऊ एवढंच बोलले होते. दुपारचा एक वाजला तरी ते वाक्य किरणच्या कानातून जात नव्हतं.

तिनं तसंच धरलं होतं. डाळमिलच्या बॉयलरच्या स्फोटात सव्वीस कामगार गेले, तेव्हा त्यांच्या बायकांसाठी हितेंद्रभाऊंच्या वडिलांनी, प्रेमराजशेठनी, एक खाजगी निधी काढला होता. एकेकीचा एकेक भाग. सुरुवातीला एका भागाचा भाव पाच लाख होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्रत्येकीनं जळगावच्या ऑफिसात यायचं, अंगठा द्यायचा आणि वर्षाचं वाटप घेऊन जायचं. शेठ गेले, पण रीत चालू राहिली; आता निधी हितेंद्रभाऊ बघत आणि हिशेब किरण. दहा वर्षं वाटप होऊनही भाव वाढतच गेला. आजचं वाटप वजा जाता तो आठ लाख सत्तावन्न हजार भरत होता. त्याच चालीनं पुढच्या दहा वर्षांनी चौदा लाख एकोणसत्तर हजार. संध्याकाळी सहाला धुळ्याचे पाच व्यापारी येणार होते. आकडा मनास आला तर ते आजच्या मुहूर्तावर निधीत पैसे घालून भाग घेणार होते.

किरणला मात्र तो पटत नव्हता. ठेवींवर सात टक्के मिळत. वाटप व्हायचं पावणेआठ टक्के. मग वाढ येत होती कुठून?

“कितला लिखशी, बाई? डोया जातीन तुना,” पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा देऊन झाला होता. पदरानं वारा घेत त्या ऊन उतरायची वाट बघत बसल्या होत्या.

कोपऱ्यात म्हातारे कारकून मगनदादा घागर भरत होते. आखाजीला पितरांची घागर भरायची. मिलमध्ये गेलेल्यांसाठी शेठनी ऑफिसातच एक मोठी घागर सुरू केली होती. पुढं ज्या बायका यायच्या बंद झाल्या, त्यांच्यासाठीही शेजारी एकेक लहान मडकं मांडलं जाऊ लागलं. अशी अकरा मडकी होती. मगनदादांनी बारावं मांडलं आणि त्यावर कैरी ठेवली.

“हे कुणाचं?” किरणनं विचारलं.

“भडगावच्या तानुबाईचं. लागोपाठ दुसरी आखाजी, आली नाही. सहा वाजले की नाव कापायचं. भाग रद्द.”

“गेल्या त्या?”

“नियम आहे, ताई. एक बाई मेलेल्या सासूच्या नावानं अंगठा देऊन गेली होती. तेव्हा शेठ म्हणाले, माणूस समोर पाहिजे.”

“पण कुणी विचारलं का, त्या आहेत की गेल्या?”

पुष्पाबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. “सनना दिन मरननं कोन इचारस, माय?”

किरणनं मडक्यांकडं पाहिलं. मग कागदावर एक नवा रकाना आखला. आधी एक कोटी तीस लाख आणि सव्वीस बायका. आज एक कोटी वीस लाख आणि चौदा बायका. निधी वाढला नव्हता, दहा लाखांनी आटला होता. वाढली होती ती मडकी. तिनं तोच रकाना पुढं नेला. दहा वर्षांनी भाव चौदा लाख एकोणसत्तर हजार व्हायचा, तर निधीत साडेसात बायका उरायला हव्या होत्या.

तिनं पुन्हा भागाकार केला. साडेसातच.

रजिस्टरात तानुबाईंच्या नावापुढं एक नंबर होता. तिनं तो फिरवला. बराच वेळ नुसती घंटी वाजली.

“कोन शे?” पलीकडून कापरा आवाज आला.

“जळगावहून किरण बोलते, निधीच्या ऑफिसातून. तानुबाईंच्या घरी कोण आहे?”

“मीच शे ना तानुबाई. आनखी कोन ऱ्हाई?”

“आला नाहीत तुम्ही, आजी.”

“पाय मोडना मना, गई साल. यष्टीनी पायरी चढता येत नही. चिठ्ठी धाडी, कोनी उनं नही.” मग म्हातारी हसली. “का वं, घागर भरी टाकी का मनी?”

“नाही, आजी,” किरण म्हणाली. “कुणी आलं नाही ना? मी येते. सहाच्या आत तुम्हाला इथं आणते. माझा शब्द.”

मगनदादा हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिले. पुष्पाबाईंचा पदर हलायचा थांबला. किरणनं खुर्चीवरची ओढणी डोक्याला गुंडाळली, रजिस्टर काखेत मारलं आणि बाहेर आली. समोर भाड्याच्या गाड्या लागायच्या. आज एकट्या फैसलभाईंची गाडी सावलीत उभी होती. भडगाव, येऊन-जाऊन तीन तास.

दार उघडून आत बसताना हितेंद्रभाऊंचा फोन आला.

“काय गं, निघाला का आकडा?”

“निघाला, भाऊ. पण सहापर्यंत बदलेल.”

“वर जाईल ना?”

“नाही. तानुबाई जिवंत आहेत. त्या आल्या की आठ लाखांच्या खाली येईल.” तिनं रजिस्टर मांडीवर उघडलं. “आणि अजून अकराजणींना फोन लावायचेत.”

तिनं भाऊंचा फोन ठेवला. किरणनं गाडीचं दार हलकेच लावून घेतलं आणि पहिला नंबर फिरवला.