दुसरा शेक

"तुझ्या भावाला कापायला मी कोयता घडवणार नाही," असं घिसाडी म्हणताच जालिंदरने त्याच्या तोंडावर सांडशी हाणली. दोन दात भट्टीच्या राखेत पडले.

"मग तू घडव," तो घिसाड्याच्या बायकोवर, सोजरवर खेकसला. "माझा बांध कोरतो काय! आज त्याचं मुंडकंच उतरवतो. पातं लई कडक पायजे."

सोजरने पातं ठोकलं आणि लालबुंद असतानाच पाण्यात बुडवलं. पाणी दिलेलं पातं पुन्हा मंद आचेवर शेकलं नाही, तर काचेसारखं तडकतं, हे घिसाड्याच्या लेकरालाही ठाऊक असतं. सवयीने ती भट्टीकडे वळली.

"परत विस्तवात? मऊ करतीस व्हय?" जालिंदरने तिच्या झिंज्या धरल्या.

तिच्या ओठांवर खरं आलं होतं. तेवढ्यात राखेतले दात दिसले.

"नाही शेकत," ती म्हणाली, आणि नुसती धार लावून कोयता त्याच्या हातात दिला.

रस्त्याने भाऊ खांद्यावर पहार टाकून येतच होता. जालिंदर शिव्या देत धावला आणि सगळा जोर लावून त्याने वार केला. भावाने पहार आडवी धरली. खाडकन कोयत्याचे तुकडे उडाले. एक जालिंदरच्याच गालात घुसला.

"फसवलंस, रांडे!" रक्ताने माखलेला गाल दाबत तो किंचाळला.

सोजरने पायाशी पडलेला तुकडा सांडशीने उचलला.

"कडक मागितलंस, कडक दिलं. चिवट पायजे होतं, तर दुसऱ्यांदा शेकू द्यायचं होतंस."