शपथ सुटली म्हणा

"घरात कोणाला जुना खोकला? टीबीचं औषध चालू आहे कोणाचं?" सान्वीच्या पोटावरचा हात न काढताच डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! आमच्यात कोणाला काही नाही," सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या. सान्वीची आई, रसिका मात्र सासूबाईंकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा पोट दाबलं. सान्वी कळवळली, तिनं आईची ओढणी मुठीत धरली. महिना होत आला, संध्याकाळ झाली की पोर तापायची. गोडदेव भागातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, पूनम सागर भागातल्यांनी जंत. औषधांच्या बाटल्यांनी फ्रीजचं दार भरलं आणि पोरीच्या बरगड्या वर आल्या.

"सोनोग्राफीत पोटात गाठी दिसतायत. मला टीबीचा संशय आहे. जवळच्या कोणाला असेल तर पुढचा रस्ता लवकर कळेल. नाहीतर भूल देऊन गाठीचा तुकडा काढायचा, रिपोर्टची वाट बघायची, आणि तोवर आजार काही थांबणार नाही. नीट आठवा."

आठवायचं काय होतं त्यात? नणंदेचा, संपदाचा खोकला रसिका रोज ऐकत होती. सान्वीला तर आत्याच्या कुशीतच झोप लागायची. संपदाच्या टीबीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या होत्या. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून सासूबाई त्या काशीमिऱ्याच्या पलीकडून आणायच्या. रविवारी संपदाचा साखरपुडा होता. मुलाकडच्यांना कळलं तर लग्न मोडणार, याबद्दल रसिकालाही शंका नव्हती. म्हणूनच सासूबाईंनी तिला सान्वीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. संपदाचं दुखणं बाहेर फोडलंस तर या पोरीचं वाईट होईल, म्हणाल्या होत्या.

रसिका शिकलेली, बँकेत नोकरीला. एरवी असल्या गोष्टींना हसायची. पण पोटच्या पोरीवर आलं की शिक्षण कुठल्या कुठे जातं. सांगावं तर शपथ, न सांगावं तर आजार. दोन्हीकडून सान्वीच.

"आई," ती हळूच म्हणाली, "शपथ सुटली म्हणा."

"काहीतरीच काय!" सासूबाईंनी मान फिरवली. मग डोळे टिपत पुटपुटल्या, "तीही माझी पोरच आहे गं."

"काय झालं?" डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

रसिकानं सान्वीचा तापलेला तळवा उचलला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"काय व्हायचं ते माझं होऊ दे," ती म्हणाली. "डॉक्टर, हिच्या आत्याला आहे."