बाप्तिस्म्याचा व्हिडिओ

पांदेलिसने लेकीच्या बाप्तिस्म्याचं शूटिंग स्वतः केलं. लेस्व्होस बेटावरच्या त्याच्या आईला गुडघ्यांपायी येता आलं नव्हतं, आणि पोरीला नाव तर तिचंच ठेवलं होतं, एव्हान्थिया.

"डोळे मिटायच्या आत दाखव रे," आई फोनवर म्हणायची.

"आई, एडिटिंगचं चांगलं सॉफ्टवेअर तर ठरू दे."

"मला पसंत करायला तुला एक संध्याकाळ पुरली होती," बायको आर्गिरो आतून म्हणाली.

"तेव्हा पर्याय कुठे होते?"

नवं सॉफ्टवेअर दिसलं की तो त्यात बाप्तिस्म्याचा एकच तुकडा घालून बघायचा. पाद्रीबाबा नागड्या बाळाला पाण्यात बुडवायला वर उचलतात, इतकाच. मग कशात रंग खुलले आणि कशात आवाज फाटला, याची तुलना यूट्यूबवर टाकायचा. बघणारे वाढत गेले, सॉफ्टवेअरही.

शाळेच्या पहिल्या दिवशी तो एव्हान्थियाला सोडायला गेला, तर बाईंनी त्याला लगेच ओळखलं. "तुमची एकही तुलना मी चुकवत नाही," म्हणाल्या आणि पोरीपुढे वाकल्या.


"म्हणजे तूच ती. मग, बुडवलं का गं तुला शेवटी?"