फोटोत न दिसणारे ट्रक

“उद्या मी तिथेच उभी राहणार,” मुलगी म्हणाली. “सात आणि आठ नंबरच्या खांबांमध्ये, तुम्ही उभे होतात तिथे. फोटोवाल्यालाही सांगून ठेवलंय.”

बाबांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

शहराच्या मधोमध जाणारा महामार्गाचा उड्डाणपूल बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधला होता. आता ते निवृत्त होते आणि त्यांच्या खुर्चीवर मुलगी बसत होती. खुर्ची तीच. खात्यात माणसं बदलतात, खुर्च्या नाहीत. पूल आणखी पंचवीस वर्षं टिकेल, असा दाखला तिने लिहून आणला होता. उद्या पुलावर वाळूने भरलेले चोवीस ट्रक उभे करायचे, पूल किती वाकतो ते मोजायचं, आणि सही करायची. ट्रक वर असताना इंजिनिअरने खाली उभं राहावं, असा नियम खात्याच्या पुस्तकात नव्हता. तो या घराच्या भिंतीवर होता.

भिंतीवरच्या फोटोत पुलाखाली तरुण बाबा. हाताची घडी, चेहऱ्यावर नव्या जावयाचा रुबाब. फोटोत ट्रक दिसत नसत. ते वर आहेत, असं आल्यागेल्याला सांगावं लागे. पाहुणे आदराने छताकडे बघत. तो फोटो बघत बघतच मुलगी इंजिनिअर झाली. बाबा मात्र बाजारात जाताना पूल टाळून लांबच्या रस्त्याने जात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणत.

“तिथे धूळ फार असते,” बाबा म्हणाले. “पाच नंबरच्या खांबापाशी उभी राहा. उजेडही चांगला पडतो.”

“बाबा, फोटो पासपोर्टसाठी नाहीये.”

“तपासणीत काय पाहिलंस?”

“सगळं. हातोडीने ठोकून पाहिलं. तडा नाही, गंजाचा डाग नाही.”

“आणि आतलं?”

“आतलं तुमच्या नोंदीत आहे. केबलच्या सगळ्या नळ्या भरल्या, खाली तुमची सही. आता तुमच्या सहीलाही हातोडीने ठोकू का?”

ती हसली. बाबा हसले नाहीत. असा पूल आतून पोलादी केबलींनी ताणून धरलेला असतो. केबली ज्या नळ्यांतून जातात, त्या सिमेंटच्या लगद्याने गच्च भराव्या लागतात. नाहीतर पाणी शिरतं आणि पोलाद खातं. पाण्याला घाई नसते. उद्घाटनाला असते.

“सात-आठमधल्या नळ्या अर्ध्याच भरल्यात,” बाबा म्हणाले. “सिमेंट संपलं होतं. फीत आली होती, कात्री आली होती. मी सही केली. म्हटलं, उद्घाटन झालं की भरू.”

“मग?”

“उद्घाटन झालं.”

मुलीने भिंतीकडे पाहिलं. “पण तुम्ही तर तिथेच... चोवीस ट्रक...”

“फोटो सकाळी काढला. ट्रक दुपारी आले.”

मग तिने फोन उचलला. “साहेब, चाचणी रद्द करा. पूल आत्ता बंद करायचाय, वरून आणि खालूनही. नाही, तपासणीत नाही सापडलं. ज्यांनी बांधला त्यांनी सांगितलं. लेखी?” तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी तिचा दाखला उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ‘मी, खाली सही करणार,’ अशी त्यांनी सुरुवात केली.

खिडकीतून लांबवर पूल दिसत होता. तासाभराने त्यावरून शेवटची बस उतरली. पूल रिकामा झाला, फोटोतल्या सकाळी होता तसा.

“चाळीस वर्षं, बाबा?”

“रोज.”

“आणि त्या दुपारी? ट्रक आले तेव्हा कुठे होतात?”

बाबांनी सही केली. या वेळी सावकाश केली.

“पलीकडच्या फुटपाथवर. तू चार वर्षांची होतीस, पुलाखाली पळायचा हट्ट धरला होतास,” ते म्हणाले. “तेव्हाही मी तुझा हात सोडला नव्हता.”